हॉटेलातली सुट्टी चार्टवरच का राहते? ड्युटी बसवायची रीत, पायरीपायरीने

सोलापुरातले हॉटेलवाले, खानावळवाले आता स्वतःहून विचारतात, "माणसांना आठवड्याची सुट्टी द्यायचीय, बसवायची कशी?" मग भिंतीवर चार्ट लागतो. पहिला आठवडा नीट जातो. दुसऱ्या आठवड्यात तंदूरवाल्याची सुट्टी असते त्याच संध्याकाळी चाळीस माणसांची ऑर्डर येते आणि त्याला फोन जातो, "आजचा दिवस ये, सुट्टी पुढं घे." तिसऱ्या आठवड्यापासून त्या चार्टकडं कुणी बघत नाही. माणसं पूर्वीसारखीच न सांगता खाडा करायला लागतात, आणि मालक म्हणतो, यांना सुट्टी देऊन उपयोग नाही.

गल्ल्यावर आणि भटारखान्यात मिळून मी वीसएक वर्षं काढली. मी जे पाहिलं त्यात खोट मालकाच्या दानतीत फार वेळा नव्हती, क्रमात होती. सुट्टी आधी जाहीर होते आणि त्या दिवशी त्या जागी उभं कोण राहणार हे नंतर शोधलं जातं. खाली दिलेला क्रम दहा ते वीस माणसांच्या हॉटेल, खानावळ, मेस किंवा पार्सल किचनसाठी आहे. पायऱ्या पुढंमागं करू नका.

## पायरी १: पंधरा दिवस नुसती नोंद करा, काहीही बदलू नका

एक वही घ्या. रोज प्रत्येक माणसापुढं चार गोष्टी लिहा: आला किती वाजता, गेला किती वाजता, जेवला किती वाजता आणि गैरहजर असेल तर कारण.

"गेला" ही वेळ लिहिताना हमखास चूक होते. मालकाचं घड्याळ शेवटचं बिल झालं की थांबतं. हॉल अकराला बंद होतो, पण त्यानंतर टेबलं पुसणं, कढया घासणं, मोरी धुणं, उद्याच्या डाळी भिजवणं असतं. भांडीवाला शटर ओढून बाहेर पडतो तेव्हा सव्वाबारा झालेले असतात. वहीत सव्वाबाराच लिहायचे.

कारणाचा रकाना बहुतेक जण "घरचं काम" लिहून मोकळे होतात. मीही तेच करायचो. आमच्याकडं विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणाऱ्या एक मावशी भाकऱ्या थापायच्या. दोन्ही हातांनी परात फिरवत पीठ मळायच्या, आणि त्यांची कडक भाकरी ताटात ठेवली की पापडासारखी वाजायची. महिन्यात पाच-सहा खाडे, प्रत्येक वेळी सकाळी फोन, "आज जमत नाही." मी हजेरीपटावर लाल पेनानं फुल्या मारत गेलो. एकदा त्यांच्या घरी जाणं झालं. चुलीजवळच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर काही तारखांना निळे गोल. नळाला पाणी येणार ते दिवस. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, येतं तेव्हा बॅरल, घागरी, कळश्या सगळं भरून घ्यावं लागतं, आणि घरात भरणाऱ्या त्या एकट्याच. दुकानात येऊन हजेरीपट काढला, तर बहुतेक लाल फुल्या निळ्या गोलांवर बसत होत्या. त्यांना सुट्टी नको होती, पाण्याच्या दिवशी दोन तास उशिरा यायची मुभा पुरेशी होती. ती दिली आणि पुढच्या महिन्यात एकच खाडा झाला. हे मला पाच वर्षं आधी कळायला हवं होतं.

तपासणी: पंधरा दिवसांनी कारणांची यादी मोठ्यानं वाचा. पाणी, मुलांची शाळा, म्हाताऱ्या माणसाचा दवाखाना, शेवटची बस, उसनवारी अशी नेमकी कारणं दिसत नसतील तर तुम्ही विचारलेलं नाही. अजून आठ दिवस नोंद करा.

## पायरी २: तासांची बेरीज करा

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे आणि तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होईल असा लिहिला गेला. त्यात मुळात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा ठेवली. सलग ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं यात बदल मंजूर केले. कामगारांची संख्या २०, दिवसाचे तास १० आणि विश्रांतीआधीचे सलग तास ६ करायचं ठरलं. आपल्या दुकानाला आजच्या तारखेला कुठला आकडा लागतो हे चार्ट लावण्याआधी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या. ऐकीव माहितीवर चार्ट बनवू नका.

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात ते ९ आणि ४८ या दोन आकड्यांत. रोज ९ तास म्हणजे कायद्यात बसलं असं वाटतं. पण ९ गुणिले ६ म्हणजे ५४. आठवड्याचे ४८ धरले तर वरचे ६ तास जादा कामाचे. म्हणून चार्ट ८ तासांच्या ड्युटीवर बसवा आणि नववा तास गर्दीच्या दिवसासाठी हातात ठेवा.

माणसं मोजताना ठेकेदारामार्फत आलेले आणि रोजंदारीवरचेही धरायचे. आणि १४ वर्षांखालचं मूल कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. "गावाकडचा पोऱ्या आहे, नुसतं पाणी देतो" हे कारण चालत नाही.

## पायरी ३: सुट्टी जाहीर करण्याआधी बदली माणूस उभा करा

सगळा खेळ या पायरीवर आहे, म्हणून इथं घाई करू नका.

हिशेब असा. सहा जागा आठवड्याचे सातही दिवस चालवायच्या तर ४२ ड्युट्या होतात. आठवड्याला सहा दिवस काम करणारी सात माणसं ४२ ड्युट्या करतात. म्हणजे दर सहा जागांमागं एक बदली माणूस. हॉलमध्ये पाच, भटारखान्यात पाच, भांडी-सफाईला दोन अशा बारा जागा असतील तर चौदा माणसं लागतात.

इथं मालक म्हणतो, "दोन पगार वाढले." जरा थांबा, पायरी १ ची वही काढा. समजा माणसाचा तास ६० रुपयांना पडतो. चार माणसं रोज दोन तास जादा थांबतात. चार गुणिले दोन गुणिले सव्वीस दिवस म्हणजे २०८ तास. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे १२० रुपये. महिन्याचे २४,९६० रुपये. एका बदली माणसाचा पगार इथंच निघतो. शिवाय एकेकाचे तीन महिन्यांचे १५६ तास होतात. २०१७ च्या मूळ कायद्यात तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा होती, २०२५ च्या बदलात ती १४४ ठरली. १५६ दोन्हींच्या पुढं जातात. तुम्ही आज जादा कामाचे पैसे देतच नसाल, तर ते वाचलेले पैसे नव्हेत, ते माणसाचं तुमच्याकडं असलेलं येणं आहे.

दुसरी चूक म्हणजे नवीन, कच्चा माणूस बदली म्हणून घेणं. वस्तादाच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या, सुट्टीला कच्चा माणूस उभा राहिला की रश्शाची चव बदलते, गिऱ्हाईक बोलतं आणि पुढच्या वेळी वस्तादाला घरून बोलावलं जातं. बदली हा दुकानातला जुना, दोन-तीन कामं येणारा माणूस हवा. त्याला पगार थोडा जास्त द्या, आणि नवीन माणूस त्याच्या जुन्या जागी घ्या.

वस्ताद सहसा आपला मसाला दुसऱ्याला शिकवत नाही, कारण शिकवलं तर आपली गरज संपेल अशी त्याला भीती असते. ती भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. मी एका वस्तादाशी सरळ बोललो: "तुमची जागा पक्की. शिकवायचे महिन्याला वेगळे पैसे. आणि तुमच्या पोरीच्या शाळेचा कार्यक्रम असेल त्या दिवशी तुम्ही घरी." तिसऱ्या वाक्याला त्यांनी मान डोलावली. आधीच्या दोन वाक्यांना नाही.

सावधान: बदली माणसाने त्या जागेवर किमान चार पूर्ण ड्युट्या, त्यातली एक रविवार रात्रीची, केल्याशिवाय सुट्टी जाहीर करू नका.

## पायरी ४: चार्ट भरा, पण या क्रमाने

१. आधी अडलेल्या वेळा भरा. पाण्याचे दिवस, डायलिसिसला आईला न्यायचा वार, लहान मुलाला शाळेतून आणायची वेळ. हे बदलत नाही, म्हणून पहिलं.

२. मग गर्दीचे वार सुट्टीसाठी बंद करा. हे तुमच्या दुकानाच्या जागेवर ठरतं. अक्कलकोट रस्त्यावर असाल तर गुरुवार, रविवार आणि पौर्णिमा. मांसाहारी हॉटेल असेल तर रविवार आणि बुधवार गर्दीचे, सोमवार-गुरुवार-शनिवार थंड, आणि श्रावण सगळाच मोकळा. पार्क चौपाटीच्या बाजूला सुट्टीच्या दिवसाची संध्याकाळ जड. दुसऱ्याच्या दुकानाचा चार्ट उचलून लावाल तर हमखास फसाल.

३. मग सुट्ट्या भरा. भटारखान्यातल्या दोन मुख्य माणसांची सुट्टी एका दिवशी नको. सुट्टीचा वार दर आठवड्याला बदलू नका. ठरलेला मंगळवार असला तर माणूस बायकोला, पोरांना शब्द देऊ शकतो. फिरती सुट्टी ही नुसती झोपण्यात जाते. महिन्यातून एक रविवार मात्र आळीपाळीनं प्रत्येकाला मिळालाच पाहिजे, कारण पोरांची शाळा त्याच दिवशी बंद असते.

४. शेवटी बाकीच्या ड्युट्या.

चार्ट पुढच्या पंधरवड्याचा असावा आणि आठ दिवस आधी लागावा. तो गल्ल्याच्या मागं नको, माणसं जेवतात तिथं लावा. आपल्याकडं एकाच भटारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं असतात, काहींना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक रंग द्या आणि सुट्टीचा चौकोन त्या रंगानं भरा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे झालं असं समजू नका, भांडी घासणाऱ्या बाईकडं बऱ्याचदा साधा फोन असतो.

तपासणी: भांडीवाल्याला विचारा, "पुढच्या आठवड्यात तुझी सुट्टी कधी?" त्याला चार्टकडं न बघता सांगता आलं, तर चार्ट लागला.

## पायरी ५: ब्रेक शिफ्ट कुणाला आणि कुणाला नाही

ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी दहा ते साडेतीन, मग संध्याकाळी सात ते अकरा. कागदावर साडेनऊ तास, पण माणूस घराबाहेर तेरा तास. २०१७ च्या मूळ कायद्यानं कामाचा एकूण पसारा, विश्रांती धरून, साडेदहा तासांत बसवायचा होता. मध्ये खंड पडणाऱ्या किंवा तातडीच्या कामाला फार तर बारा. तेरा कुठंच बसत नाही.

मधले साडेतीन तास "विश्रांती" म्हणून दाखवले जातात. दुपारी चारला जाऊन बघा. विडी घरकुल किंवा बाळ्यासारख्या लांबच्या वस्तीत राहणारा माणूस जाऊन-येऊन वेळ आणि पैसे घालवण्यापेक्षा कांद्याच्या पोत्यांशेजारी पुठ्ठा टाकून आडवा होतो. पायावर माश्या, डोक्याशी फ्रीजचा आवाज. ही विश्रांती नव्हे.

म्हणून जो दहा-पंधरा मिनिटांत घरी पोचतो आणि स्वतः हो म्हणतो, त्यालाच ब्रेक शिफ्ट द्या, तीही बारा तासांत बसवून. बाकीच्यांना सरळ ड्युटी: एक तुकडी सकाळी नऊ ते साडेपाच, दुसरी दुपारी तीन ते साडेअकरा, मध्ये अर्धा तास जेवण. तीन ते साडेपाच दोन्ही तुकड्या असतात, त्या वेळेत निवडणं, चिरणं, वाटण आणि साफसफाई उरका. पूर्वी रात्री बारापर्यंत रेंगाळणारं काम इथं सरतं.

रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं असेल तर तिची लेखी संमती आणि घरापर्यंत पोचवायची सोय दोन्ही हवं. "कुणीतरी सोडेल" म्हणजे सोय नव्हे. ठरलेला रिक्षावाला आणि दुकानानं दिलेलं भाडं, याला सोय म्हणतात. दहा किंवा अधिक माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिची नावं चार्टशेजारीच लावा.

जेवणाची वेळही चार्टवर लिहा. गर्दीच्या आधी, अकराला आणि साडेसहाला, बसून. गिऱ्हाइकांची पानं उठल्यावर उभ्यानं चार घास, ही पद्धत बंद करा. आणि मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा, तंदूर आणि भट्टीवरच्या माणसाला दर तासाला दहा मिनिटं बाहेर काढा. त्या दहा मिनिटांत कोण उभं राहणार त्याचं नाव चार्टवर असू द्या, नाहीतर तो बाहेर येणारच नाही. माठातलं ताक, मीठ-लिंबू हाताशी ठेवा.

## पायरी ६: आजारपणाचा नियम, एका ओळीत

"जुलाब, उलटी, ताप, कावीळ किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर भटारखान्यात यायचं नाही, त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही." एवढंच लिहा आणि चार्टशेजारी लावा.

अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार असा माणूस अन्नाला हात लावू शकत नाही आणि अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. पण पगार कापाल तर जुलाब झालेला आचारी गोळी खाऊन, काही न बोलता कणीक मळायला उभा राहील. त्याची पोरं त्या रोजावर आहेत, त्याला दोष कसा देणार? पगार चालू ठेवला तरच तो खरं सांगेल.

कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, सुरुवात तिथून करा. दहा किंवा अधिक माणसं आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर राज्य कामगार विम्याची नोंदणी करा. माणसाच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाचा वाटा सव्वातीन टक्के. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात माणसाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि सोलापुरात विमा रुग्णालयही आहे. नेहमीची चूक म्हणजे नोंदणी होते, पण कुटुंबातल्यांची नावं आणि आधार जोडले जात नाहीत, मग पोराला तापानं घेऊन गेलेला बाप खिडकीवरून परत येतो. नोंदणीच्या दिवशीच कुटुंबाची नावं चढवा.

## पायरी ७: सण आणि यात्रा

प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती आणि मिळून ठरवलेले आणखी चार, असे ८ पगारी दिवस २०१७ च्या कायद्यात आहेत. ते चार ठरवताना सगळ्यांना एकच दिवस नका लावू. आपल्या गावात हे सोपं आहे. पद्मशाली घरातल्या पोराला नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला जायचं असतं, कुणाला १४ एप्रिल हवा असतो, कुणाला रमजान ईद. जानेवारीतच प्रत्येकाकडून चार दिवस लिहून घ्या. एकमेकांचे सण सांभाळायला माणसं आनंदानं तयार होतात, फक्त आधी विचारावं लागतं.

खरा पेच येतो तो जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला. गिऱ्हाईक पाय ठेवायला जागा देत नाही, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येकाच्या पोराला गड्ड्यावर पाळण्यात बसायचं असतं. "गड्ड्यात सुट्टी बंद" असा फलक लावला की तिसऱ्या दिवशी दोन माणसांचे फोन बंद लागतात. त्यापेक्षा प्रत्येकाला यात्रेच्या दिवसांत एक पूर्ण संध्याकाळ आधीच नेमून द्या आणि अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे यात्रेतल्या मुख्य लग्नविधीच्या, दिवसाची चिठ्ठी टाका. यंदा ज्याला तो दिवस मिळाला तो पुढच्या वर्षी चिठ्ठीत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर रस्त्यावरच्यांनी, नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूर रस्त्यावरच्यांनी हेच करावं.

सावधान: सुट्टीच्या दिवशी बोलवावंच लागलं तर बदली सुट्टीची तारीख फोनवरच सांगा आणि तेव्हाच चार्टवर लिहा. कायदा दोन महिन्यांची मुदत देतो, तुम्ही सात दिवसांत द्या.

## पायरी ८: उचल आणि खाडा

एका खाड्याला दोन दिवस कापायची रीत आपल्याकडं अजून आहे. कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते, एका दिवसाला एक दिवस. आणि "आधी उचल फेड, मग सुट्टी घे" हे तर कधीही नको. उचलीची वही वेगळी, रजेची वेगळी. पगाराची तारीख सातच्या आत आणि ठरलेली ठेवा. बऱ्याचशा उचली पगार पुढं गेल्यामुळंच लागतात.

## पायरी ९: महिन्याने वही पुन्हा उघडा

तीन आकडे काढा: न सांगता झालेले खाडे, सुट्टीच्या दिवशी गेलेले फोन आणि शेवटचा माणूस शटरबाहेर पडल्याची सरासरी वेळ. खाडे कमी झाले पण फोन वाढले, तर बदली माणूस कमी पडतोय, पायरी ३ ला परत जा. शटरची वेळ हलली नसेल तर दुपारच्या त्या अडीच तासांत काम सरत नाहीये. स्वतः दोन दिवस भटारखान्यात उभं राहून बघा.

माणसांशी हे बोलणं गल्ल्यावर करू नका. दुपारी चारला, चहा ठेवून, सगळे खाली बसल्यावर करा, आणि पहिला प्रश्न भांडीवाल्याला विचारा. वस्ताद आधी बोलला की बाकीचे त्याच्या मागून माना हलवतात. मागच्या महिन्यात कुणाची सुट्टी बुडाली ते नाव घेऊन सांगा आणि तिथंच, सगळ्यांसमोर, तिची नवी तारीख चार्टवर भरा.